सहा ते सात तार बंद

स्ट्रॅटफर्ड, ३ जून २०१९

नायरी,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. गाई आटवल्या, गोठा धुऊन ठेवला. म्हणजे मी नाही, खंडानं शेत घेतलेलं जोडपं आता हे सगळं करतं. मी कुंपणापाशी उभा राहून सल्ले देतो आणि ती दोघं ऐकल्यासारखं करतात.

डेसला मार्चमध्ये अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, डोकं मात्र शाबूत आहे. घरीच असतो, रोज नर्स येते. मी बुधवारी जाऊन बसतो. त्यानं मला तुला एक गोष्ट लिहून कळवायला सांगितली आहे. नोव्हेंबर शहाण्णवची. कळवणार आहे, नाही असं नाही. पण तुझ्या भावाची सवय तुला ठाऊक आहे, फाटक उघडायच्या आधी मी शेताला पूर्ण चक्कर मारतो.

आजचं निमित्त वेगळं आहे. सप्टेंबरात आपल्या हॉलला शंभर वर्षं होतात. कमिटीचं सगळं हुहाना बघते. परवा ती दारात येऊन उभी राहिली.

"क्लॅरी, या रस्त्यावरचा पहिला कॉम्प्युटर तुमच्याकडे होता म्हणतात. फेकून दिला असशील."

"नाही फेकला."

"मग मांडायला दे. आणि सोबत अर्धं पान लिहून दे. कोणाचा होता, काय करायचा."

"अर्ध्या पानात मावायची नाही ती."

"मशीन?"

"नायरी," मी म्हणालो.

तेव्हा बसलो लिहायला. चार पानं झाली आणि कळलं की हे हुहानासाठी नाही. म्हणून तुलाच पाठवतोय.

त्र्याऐंशीचं साल. तू ऑकलंडहून ते खोकं मागवलंस आणि स्टेशनवरून वासरांच्या खाद्याच्या पोत्यांवर ठेवून घरी आणलंस. मला वाटलं, टाइपरायटर आहे आणि त्याचे कागद यायचे राहिलेत. तू तो आपल्या टीव्हीला जोडलास. त्या शनिवारी रग्बीची मॅच होती. मी सोफ्यावर येऊन बसलो तर पडद्यावर नुसता एक चौकोन लुकलुकत होता.

"हा काय करतो?" मी विचारलं.

"वाट बघतो."

"कशाची?"

"मी काहीतरी सांगायची. तुझ्यासारखा नाही, न सांगता बोलत नाही."

दुसरा हाफ मी ट्रकमध्ये बसून रेडिओवर ऐकला.

मग ती मासिकं. पानंच्या पानं आकडे आणि खुणा, वाक्य म्हणून एक नाही. मी वाचायचो, तू टाइप करायचीस. मला त्या खुणांची नावं येत नव्हती, म्हणून मी "शेपटीवाला ठिपका", "उताणा बाण" असं काहीबाही सांगायचो आणि तुझी बोटं न अडखळता चालायची. एका रविवारी आपण तीन तास तसं केलं आणि शेवटी मशीननं कुठल्याशा ओळीत चूक आहे एवढंच सांगितलं. मी असतो तर खिडकीतून भिरकावलं असतं. तू चहा केलास आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केलीस. चूक माझी निघाली, मी एक ओळ गाळली होती. पुढच्या रविवारी तू माझ्या हातात पट्टी दिलीस, ओळीखाली धरायला.

केलेलं काम कॅसेटवर ठेवायचीस. टेपरेकॉर्डरचा आवाज नेमका तेवढाच हवा, जरा कमी नाही की जास्त नाही, नाहीतर मशीनला उमगायचं नाही. तू त्या बटणावर नेलपॉलिशनं लाल खूण केली होतीस. जन्मात तू नेलपॉलिश तेवढ्याच कामाला वापरलंस. ती कॅसेट किंचाळायला लागली की कुत्रा घराखाली जाऊन बसायचा आणि हाडूक दाखवलं तरी बाहेर यायचा नाही.

आणि कळप. आपल्या एकशे बारा गाई माझ्या खिशातल्या वहीत होत्या, शेणाच्या डागांसकट. तू त्या वहीतून पाच वर्षांची वेतं काढलीस, दुधाची फॅट काढलीस, कोण कधी गाभण राहिली ते काढलंस, आणि एका सकाळी माझ्यासमोर नऊ गाईंची यादी ठेवलीस. या कळपातून काढ म्हणालीस. तिसरं नाव बीट्रिसचं होतं.

"बीट्रिसला मी हातानं वाढवलीय," मी म्हणालो.

"ते मशीनला सांग."

मी ऐकलं नाही. आठ काढल्या, बीट्रिस ठेवली. वर्षाअखेर आपण डेअरीच्या पत्रकात जिल्ह्यात चौथे आलो आणि बीट्रिस आपल्या गोठ्यात शेवटची. तू ते पत्रक फ्रिजवर लावलंस. नायरी, मी तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो. त्या वर्षी मला तुझा इतका अभिमान वाटला की मी डेअरीत जाऊन तीन परक्या माणसांना ते सांगून आलो.

त्यानंतर गुरुवार सुरू झाले. शेजारपाजारचे आपापल्या वह्या घेऊन स्वयंपाकघरात बसायचे, तू एकेकाचा कळप मशीनमध्ये घालायचीस आणि मी स्कोन भाजायचो. रस्त्यापलीकडून डेस सगळ्यांच्या आधी यायचा. त्याच्या चाळीस गाई, त्यांच्यात दर आठवड्याला बदलणार ते काय? मला हे कोडं सुटायला चार वर्षं लागली. रस्त्यावरच्या इतर सगळ्यांना दोन आठवडे लागले होते.

कॉम्प्युटर हुहानाला देऊ का? कार्डावर काय लिहू?

क्लॅरी


स्ट्रॅटफर्ड, २४ जून

नायरी,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. बावीस वर्षांत नाताळच्या कार्डावर नाव सोडून तू काही लिहिलं नाहीस, त्या मानानं हे पुराणच झालं. "मशीन दे. कार्डावर माझं नाव घाल, डेसचं नको. तो कसा आहे हे मी विचारलेलं नाही, पण कळवलंस तर वाचीन."

कळवतो. डावा हात चालतो. दाढी नर्सला करू देत नाही, स्वतः करतो आणि अर्धा गाल तसाच राहतो. लापशी खातो. कुरकुर करतो. नोव्हेंबरचं पत्र गेलं का म्हणून दर बुधवारी विचारतो. मी म्हणतो, लिहितोय. तो म्हणतो, "हळू... लिहितोस... फार."

आता इंटरनेटचं. हुहानाला ते पण हवंय.

शहाण्णवचा ऑगस्ट. पावसाळी गारठा, गाई विताहेत, आणि तू दुसरं, मोठं मशीन टेलिफोनला जोडून बसलेलीस. त्याचा तो घसा खरवडल्यासारखा आवाज झाला आणि मग चित्र यायला लागलं. डेन्मार्कातल्या कुठल्याशा गोठ्यातली गाय. वरून खाली, एकेक ओळ. आधी शिंगं, मग कान, मग डोळे. डेस, तू आणि मी खुर्च्या ओढून बसलो होतो. पाठ आली, बरगड्या आल्या, डेस म्हणाला, "पाठ सरळ आहे हो." आणि कास यायच्या आधी लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा बरगड्यांपाशी तुटली. गाय बघायची आणि कास बघायची नाही म्हणजे काय बघितलं? डेस तर दुसऱ्या दिवशी दूध काढून झाल्यावर परत आला, तिची कास बघायला, असं म्हणाला.

टेलिफोनवाला माणूस आला, खांब तपासले आणि सगळं ठीक आहे म्हणून निघून गेला. तू काय केलंस, तर फोन उचलून कानाला लावलास आणि दहा मिनिटं ऐकत उभी राहिलीस. मग म्हणालीस, "टकटक होतंय."

"ते होतंच," मी म्हणालो. "कुंपण आहे ते."

आपल्या रस्त्यावर प्रत्येक फोनमध्ये ती टकटक होती. झटका मशीन सेकंदाला एकदा कुंपणाच्या तारेत करंट सोडतं, टेलिफोनची तार कुंपणाच्या बाजूनं जाते, आणि आपण सगळे जन्मभर त्या टकटकीवरून बोलत आलो. कोणाला ती ऐकूच येत नव्हती. तुला आली. त्या एका टकटकीनं मशीनचं बोलणं तुटतंय हे तुझ्या लक्षात आलं. टेलिफोनवाल्याला जे जमलं नाही ते तू स्वयंपाकघरात उभं राहून, एक हात पिठात असताना शोधलंस.

मग तू छोटा रेडिओ घेऊन बांधाबांधानं निघालीस. जिथं तार गवताला टेकते तिथं रेडिओ जोरात टकटकतो. तीन दिवस तू चिखलात चाललीस, आपलं सगळं कुंपण आणि डेसचंही, विळ्यानं गवत कापत, खांबांवरची तार धरणारी, फुटलेली चिनी मातीची बोंडं बदलत. मला बोलावून ऐकवलंस सुद्धा. आपलं मशीन जरा घाईत असतं, डेसचं रेंगाळतं. "मालकांवर गेलीयत," म्हणालीस. तेव्हापासून मलाही फोन कानाला लावला की दोन्ही वेगळी ओळखू यायची.

तरी लाइन तुटायचीच. मग ठरलं की संध्याकाळचं दूध झालं की सहा ते सात दोन्ही शेतांवरची झटका मशीनं बंद. तू पाटी करून आपल्या आणि डेसच्या गोठ्यात लावलीस, "सहा ते सात तार बंद". पंधरा दिवसांत गाईंना कळलं. बीट्रिसची नात तारेला नाक लावून बघायची आणि सहा वाजून पाच मिनिटांनी सगळ्या कळपाला घेऊन रस्त्यावर यायची. शाळेची उशिराची बस थांबायची. ड्रायव्हर पोरांना म्हणायचा, "बसा गप्प, नायरी इंटरनेटवर आहे." जिल्हाभर ते वाक्य झालं होतं. रस्त्यात काही अडलं, कोणाला उशीर झाला, की नायरी इंटरनेटवर आहे.

कोणी रागावलं नाही, हे मला अजून नवल वाटतं. कारण आठवड्यातून एकदा तू त्या बसवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची कामं त्याच तासात करायचीस. ट्रॅक्टरचे सुटे भाग, कॅनडातल्या भावाला निरोप, कालवडीच्या खुराचा रोग. एवढ्या लांबचं जग तू आमच्यासाठी उघडलंस आणि आम्ही त्याला गाईंमुळं होणारा खोळंबा म्हणत होतो.

ऑक्टोबरात डेसनं तुला हॉलमध्ये लग्नाचं विचारलं. मी जवळच उभा होतो, सॉसेज रोल खात. तू म्हणालीस, "नोव्हेंबरातलं माझं एक काम होऊ दे, मग सांगते." पण तुझा चेहरा बघून उत्तर कोणालाही कळलं असतं.

नोव्हेंबरापर्यंत आलो. पोस्टाची गाडी यायची वेळ झाली. आज इथंच थांबतो.

क्लॅरी


स्ट्रॅटफर्ड, २७ जून

नायरी,

गाडी यायला तेव्हा अजून दोन तास होते. मी घाबरलो म्हणून थांबलो.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या त्या शेतकी कॉलेजाला कळपांच्या नोंदी मशीनवर ठेवणारं माणूस हवं होतं आणि त्यांनी जगभरातून सात जणांना निवडलं होतं. सातांत तू. गोठ्यावर वाढलेली, कॉलेजचं तोंड न पाहिलेली. मुलाखत इंटरनेटवर टाइप करून व्हायची होती, आपले सहा, त्यांचा दुपारचा एक. त्या दिवशी तार नक्की बंद ठेवा म्हणून तू आठवडाभर आधी डेसला सांगितलंस, मला सांगितलंस. त्या दिवशी फिकट हिरवा स्वेटर घातलास. मी म्हणालो, "त्यांना दिसणार नाहीस." तू म्हणालीस, "मला दिसतोय ना."

सहाला मी झटका मशीन बंद केलं. घरी आलो. टेबलावर पर्थचा नकाशा पसरलेला होता, त्यावर पेन्सिलनं एक गोल केलेला. तू खोलीत होतीस, कळा भराभर वाजत होत्या. मी तो गोल बघितला. मला दिसलं की मी एकटा या टेबलाशी बसलोय, एक कप, एक बशी, पुढची तीस वर्षं. मी परत गोठ्यात गेलो आणि मशीन चालू केलं.

असं लिहिलं की वाटतं कोणीतरी दुसऱ्यानं केलं. मी केलं. हात माझा होता, मला माहीत होतं मी काय करतोय.

तू चार वेळा लाइन लावलीस, मी गोठ्याच्या दारातून ऐकत होतो. चौथ्या वेळेनंतर तुझी खुर्ची सरकली आणि मी मशीन बंद केलं. तू धावत आलीस, भिंतीकडे बघितलंस. बंद होतं. "आपलं बंदच होतं ना?" तू विचारलंस.

"बंदच आहे," मी म्हणालो. "डेसचं असेल."

डेसचं असेल. एवढंच बोललो. तेव्हा तू फोन कानाला लावला असतास तर मशीन बंद असल्यामुळं काहीच ऐकू आलं नसतं. पण आधी, लाइन तुटत असताना एकदा जरी लावला असतास, तर घाईतली टकटक कोणाची ते तुला पहिल्या सेकंदात कळलं असतं. तू रडत होतीस म्हणून लावला नाहीस. तू रडत होतीस यावर मी बावीस वर्षं सुटलो.

डेसच्या फाटकाशी काय झालं ते मी रस्त्याच्या या बाजूनं ऐकलं. तो म्हणाला, "माझं बंद होतं, नायरी."

"मग क्लॅरी खोटं बोलतोय का?"

"मी तसं म्हणालो नाही."

"दोघांपैकी एकाचं चालू होतं. एक माझा भाऊ आहे." आणि तू वळलीस. तुला हवं तर म्हण की मी तिथून ओरडून सांगायला हवं होतं. मी हातातली बादली धुतली.

जानेवारीत तू पर्थला गेलीस, दुसरीच नोकरी धरून. जाताना माझ्या गळ्यात पडलीस आणि म्हणालीस, "तू तरी खरा निघालास." आणि मग तू कार्डावर नुसतं नाव लिहायला लागलीस. मला वाटायचं, तिला कळलं असेल. आता वाटतं, तुला फक्त इथलं काही आठवायला नको होतं.

मे महिन्यात डेसनं मला विचारलं. कष्टानं, एकेक शब्द जोडत. "तुझं... होतं ना?"

मी हो म्हणालो. पहिल्यांदा.

"माहीत... होतं. माझं नाही... तर तुझं."

"मग तिला परत सांगितलं का नाहीस?"

"एकदा... सांगितलं. तिनं... ऐकलं नाही. दोनदा सांगायची... सवय नाही मला."

आणि मग त्यानं मला ते सांगितलं जे मला माहीत नव्हतं. त्या नोकरीत वर्षाला फक्त सहा आठवडे तिथं जायचं होतं. बाकी सगळं इथून, त्याच टेलिफोनवरून, सहा ते सात. तू डेसला ते आधीच सांगितलं होतंस. तुम्ही त्याच्या मागच्या खोलीत मशीन कुठं ठेवायचं तेही ठरवलं होतं. म्हणजे तू जाणारच नव्हतीस, नायरी. तुला मी घालवलं.

"लिही... तिला," डेस म्हणाला. "मी असताना."

लिहिलं. क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही. डेस खोटं बोलला नव्हता, एवढं तुला आज कळलं पाहिजे, उद्या नाही. पत्र टाकायला मी स्वतः गावात जातोय, पोस्टाच्या गाडीची वाट बघत नाही.

क्लॅरी


स्ट्रॅटफर्ड, २५ जुलै

नायरी,

हे पत्र मी समोर दिसणाऱ्या घराच्या पत्त्यावर पाठवतोय. ते गावात जाईल, तिथं शिक्का बसेल आणि परवा तेवढाच रस्ता चालून परत येईल. चालत आणून दिलं तर तीन मिनिटं लागतील, पण ते तीन मिनिटांचं अंतर माझं नाही.

सोमवारी भाड्याची पांढरी गाडी आली. मी फाटकाशी उभा होतो. तू वेग कमी केला नाहीस. केस पांढरे झालेत, आणि स्टिअरिंगला तू अजून दोन्ही हातांनी चिकटून बसतेस. गाडी डेसकडे वळली. मला वाटलं होतं बरं वाटेल. बरं वाटलं, आणि इतकं वाईटही की मी आत जाऊन शेगडीपाशी उभा राहिलो, शेगडी न पेटवता.

बुधवारी मी गेलो नाही. मार्चपासून पहिला बुधवार चुकला. पलीकडून तुझा आवाज येतो कधी कधी. काल दुपारी तू कोणावर तरी रागावली होतीस, बहुतेक औषधाच्या बाटलीवर. आणि डेस हसला. मार्चनंतर मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं, या अंतरावरून तर नाहीच.

हुहाना मशीन घेऊन गेली. कार्ड मी लिहिलं, तुला पसंत पडणार नाही कारण त्यात डेसचं नाव आहे आणि माझंही. लिहिलंय की या रस्त्यावर नायरी पेनफोल्डनं पहिला कॉम्प्युटर आणला, पहिलं इंटरनेट आणलं, शंभर कळप सुधारले, आणि डेस हॉस्किननं तिच्यासाठी रोज एक तास तार बंद ठेवली, एकदाही न चुकता. आणि तिच्या भावानं एकदा चुकवली, जाणूनबुजून. हुहानानं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं. "हे शंभर लोक वाचतील, क्लॅरी."

"खोटंसुद्धा तेव्हा शंभर जणांनीच ऐकलं होतं," मी म्हणालो.

तू मला भेटावंस असं मी मागत नाही. तू जितके दिवस आहेस तितके दिवस मी रस्त्याच्या या बाजूला राहीन, आणि तुला फाटकाशी मी दिसू नये असं असेल तर तसं कळव, मी मागच्या दारानं ये-जा करीन.

क्लॅरी


डेसचं घर, शनिवार

क्लॅरी,

पत्रं मिळाली, सगळी. तिसरं मी पर्थला बसस्टॉपवर वाचलं आणि तीन बस जाऊ दिल्या. तुला माफ केलेलं नाही. करीन असंही सांगत नाही.

रविवारी नर्स येत नाही. डेसला टबात उतरवायला दोन माणसं लागतात आणि माझी कंबर आता पूर्वीची राहिलेली नाही. उद्या नऊला ये. बूट बाहेर काढ. त्याच्याशी बोल, माझ्याशी बोलू नकोस.

पाणी मी तापवून ठेवते.

नायरी